लामालेरा : जमीन नसलेले गाव आणि डोंगरातला मका

पश्चिमवारा :

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाचे पूर्व टोक ओलांडले की अदोनारा, सोलोर आणि लेंबाटा ही तीन बेटे लागतात. त्यांतल्या लेंबाटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्रासमोरच्या खडकाळ उतारावर, लामालेरा हे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव आहे. सरकारी दप्तरात त्याची लामालेरा अ आणि लामालेरा ब अशी दोन गावे झाली आहेत, पण राहणारी माणसे त्यांना एकच मानतात. बाहेरच्या जगात या गावाची ओळख एका छायाचित्रापुरती आहे : होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, हातातल्या लांब बांबूच्या भाल्यासकट देवमाशावर स्वतःला झोकून देणारा माणूस. त्यावर कौतुक किंवा संताप व्यक्त होतो आणि बोलणे तिथेच थांबते. या धाग्यात मला त्यापुढचे लिहायचे आहे, कारण मारलेल्या माशाचे पुढे काय होते हे पाहिल्याशिवाय हे गाव समजत नाही आणि त्याच्या पाठीमागचा डोंगराळ मुलूखही समजत नाही.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. लामालेराच्या बहुतेक कुळांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज बाहेरून, समुद्रमार्गे आले. लेंबाटा आणि पांतार यांच्या दरम्यान असलेल्या लेपान बातान नावाच्या ठिकाणी ते काही काळ राहिले आणि समुद्राने ती भूमी गिळल्यावर होड्यांत बसून पुन्हा निघाले. लामालेराला पोचले तेव्हा तिथे आधीपासून वस्ती होती, जमिनीला धनी होते. उशिरा आलेल्यांना किनारा मिळाला, शेत मिळाले नाही. वुजोन हे त्या आधीच्या रहिवाशांपैकी एक कूळ आजही ‘भूमीचे धनी’ म्हणून मान राखून आहे, आणि स्पर्म देवमासा किनाऱ्याला लागला की त्याच्या डोक्याकडचा ठरावीक भाग या धन्यांना द्यावाच लागतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या आश्रयाचे ते ऋण प्रत्येक माशागणिक फेडले जाते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

उरलेल्या माशाची वाटणीही मर्जीवर चालत नाही. होडी एकट्याच्या मालकीची नसते. ती एका कुळातल्या किंवा वंशशाखेतल्या भागीदारांची असते. भाला मारणारा लामाफा, सुकाणूवर बसणारा, वल्ही मारणारे, होडी बांधणारा सुतार, भाल्याचे पाते घडवणारा लोहार, शीड विणणारे आणि होडीचे वंशपरंपरागत भागीदार या सर्वांचे वाटे माशाच्या शरीरावर आधीच ठरलेले असतात. कोणता तुकडा कोणाचा, याबद्दल वाद घालायला फारशी जागा उरत नाही. ज्याला वाटा मिळतो तो पुढे आपल्या नातलगांना, शेजाऱ्यांना आणि विधवांना त्यातून देतो. असे करत एका माशाचे मांस गावातल्या जवळजवळ प्रत्येक चुलीपर्यंत जाते, आणि एखाद्या घरातला पुरुष त्या दिवशी समुद्रावर गेलेला नसला तरी ते घर उपाशी राहत नाही.

मात्र मांसावर पोट भरत नाही. मका लागतो, आणि मका डोंगरात पिकतो. मांसाच्या पट्ट्या बांबूच्या मांडवांवर उन्हात वाळवल्या जातात, त्यांतून गळणारे तेल खाली धरले जाते, आणि मग गावातल्या बायका वाळलेले मांस, मासळी, मीठ आणि चुना डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांकडे चालत निघतात. या फेरीला पेनेतांग म्हणतात. याशिवाय जवळच्या वुलानदोनी येथे दर शनिवारी बाजार भरतो. डोंगरातल्या बायका मका, केळी, रताळी, कंद आणि भाजी घेऊन बसतात, किनाऱ्यावरच्या मांस आणि मासळी मांडतात, बाजाराचा अधिकारी आधी वस्तूंच्याच रूपात कर गोळा करतो, आणि त्याची शिट्टी वाजल्याखेरीज कोणी देवघेव करत नाही. मुंगा हे सहा नगांचे माप आहे. वाळलेल्या मांसाच्या एका तुकड्याला दोन मुंगा, म्हणजे बारा कणसे मका, असा दर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी नोंदवला आहे. रुपया या बाजाराला माहीत नाही असे नाही, परंतु मक्याच्या गावाला मांस हवे आणि मांसाच्या गावाला मका हवा, ही निकड दोन्हीकडे सारखी असल्याने पैशाचा मध्यस्थ तिथे मागे पडला.

म्हणून माझे म्हणणे असे की लामालेराला शिकाऱ्यांचे गाव म्हणणे अपुरे आहे. ते वाटण्यावर उभे राहिलेले गाव आहे, आणि त्या वाट्यांची साखळी थेट डोंगरातल्या शेतापर्यंत जाते. जाणकारांनी यात भर घालावी.

नीलमोहर :

लेख फार आवडला. वाटणीचा भाग वाचताना एक शंका आली. इतकी शिस्त केवळ रूढीच्या धाकाने टिकते का, की त्यामागे दुसरे काही आहे? आणि हे सर्व कॅथलिक गाव आहे असे वाचले होते, तर ‘भूमीचे धनी’ आणि चर्च यांचा मेळ कसा बसतो?

पश्चिमवारा :

नीलमोहर, आपल्या पहिल्या प्रश्नाशी संबंधित एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. २००१ साली जगभरातल्या पंधरा लहान समाजांतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन अनोळखी व्यक्तींपैकी एकीला काही रक्कम किंवा वस्तू दिली जाते, तिने दुसरीला किती द्यायचे हे ठरवायचे, आणि दुसरीने देऊ केलेला वाटा नाकारला तर दोघींनाही काही मिळत नाही, असे त्याचे स्वरूप होते. बहुतेक समाजांत देऊ केलेला सरासरी वाटा निम्म्याहून कमी होता. लामालेरात तो निम्म्याहून अधिक, सुमारे ५८ टक्के निघाला, आणि तो त्या पंधरांत सर्वांत मोठा होता. याचे कारण अभ्यासकांनी कामाच्या स्वरूपात शोधले. एका घराला देवमासा मारता येत नाही. एका होडीला दहा-बारा माणसे लागतात आणि मोठ्या माशाला बहुधा अनेक होड्या. वाटणीबद्दल खात्री नसेल तर उद्या होडीत बसायला माणूस मिळणार नाही. मला हे पटते, तरी त्यात एक भर घालावीशी वाटते. तिथली समजूत अशी आहे की घरात किंवा कुळात भांडण असेल तर भाला चुकतो, मासा होडी उलटवतो. लामाफाने घरी पत्नीशी कलह ठेवून समुद्रावर जाऊ नये. मोहीम फसली की आधी तंटा शोधतात आणि तो मिटवतात. म्हणजे सलोखा हा शिकारीच्या सामग्रीचाच भाग ठरतो.

चर्चविषयी : या गावातले पहिले बाप्तिस्मे १८८६ सालचे आहेत, आणि धर्मांतराचा मोठा टप्पा १९२० नंतर, बोडे नावाच्या जर्मन पाद्रींच्या दीर्घ वास्तव्यात आला. लेफा हा शिकारीचा मोसम मे महिन्यात सुरू होतो आणि साधारण ऑक्टोबरपर्यंत चालतो. समुद्रात मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ आधी प्रार्थना होते, आणि १ मे रोजी किनाऱ्यावरच होड्यांना आशीर्वाद देणारी मिस्सा होते. तिच्या आधी वुजोन कुळाचे लोक डोंगरावरच्या देवमाशाच्या आकाराच्या शिळेपाशी जाऊन आपला जुना विधी करतात आणि माशांना हाक घालतात. दोन्ही गोष्टी एकाच गावाने, एकाच आठवड्यात, मनापासून केलेल्या आहेत. भूमीच्या धन्यांचे आमंत्रण आणि पाद्रींचा आशीर्वाद यांपैकी एक वगळून मोसम उघडावा, असे तिथे कोणाला वाटत नाही.

डोलकाठी :

होडीबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. तिथल्या होडीला तेना म्हणतात. लांबी दहा ते बारा मीटर, आणि बांधणीत लोखंडी खिळा नाही. फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडतात, आतल्या बाजूला फळ्यांतूनच कोरून ठेवलेल्या उंचवट्यांना वाके, म्हणजे होडीच्या बरगड्या, दोरांनी आवळून बांधतात. बाजारात मिळावे तसे सुटे भाग येथे नसतात, प्रत्येक फळीची जागा आणि आकार परंपरेने ठरलेला असतो, आणि लाकडाचा बुंध्याकडचा व शेंड्याकडचा भाग कोणत्या दिशेला यावा याचेही नियम आहेत. बांधणीत चूक राहिली तर मासा नेमका तिथे आदळतो, अशी श्रद्धा आहे. डोलकाठी दोन पायांची, आणि शीड ताडाच्या जातीच्या गेबांग नावाच्या झाडाच्या पानांचे, चौकोनी तुकडे विणून जोडलेले. होडी जुनी झाली की नव्या होडीला तेच नाव मिळते. नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते, लाकूड बदलते.

भाल्याचा मुख्य दोर हा सर्वांत आदराची वस्तू आहे. बायकांनी कातलेल्या कापसाच्या सुतात पानांचे आणि सालीचे तंतू मिसळून तो वळतात, झाडाच्या सालीच्या रसात बुडवून टिकाऊ करतात आणि कुळाच्या मूळ घरात ठेवतात. स्पर्म देवमाशाला भाला लागला की हाच दोर होडीला माशाशी बांधून ठेवतो, आणि मग मासा नेईल तिकडे जावे लागते. १९९४ साली अशा ओढल्या गेलेल्या होड्यांतली माणसे दिवसच्या दिवस खुल्या समुद्रात भरकटली, आणि त्यांना एका पर्यटक जहाजाने वाचवले. त्या दोरावर आयुष्य टांगून बसणाऱ्या माणसांना आपण दुरून ‘थरार’ शोधणारे म्हणू नये, असे मला कळकळीने वाटते.

रानवारा :

धागालेखकाची आस्था मला मान्य आहे, आणि तरीही मी विरोधी बाजू मांडणार आहे, कारण ती मांडली गेली नाही तर ही चर्चा एकांगी होईल. स्पर्म देवमाशाची मादी चार-सहा वर्षांतून एकदा विते, गर्भकाळ चौदा ते सोळा महिन्यांचा, आणि पिलू एकच. विसाव्या शतकातल्या व्यापारी शिकारीने या जातीची लाखोंनी कत्तल केली. आज ती असुरक्षित जातींच्या यादीत आहे. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर अंबरग्रीसच्या तस्करीचे गुन्हे दाखल होतात ते याच माशाच्या पोटातल्या पदार्थासाठी, आणि भारतात ही जात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. इंडोनेशियातही १९९९ च्या आदेशानुसार देवमासे आणि डॉल्फिन संरक्षितच आहेत. शिवाय लामालेरात केवळ स्पर्म देवमासा मारला जात नाही. लहान दातेरी देवमासे, डॉल्फिन, शार्क आणि मोठे पाकट हेही मारले जातात. महाकाय मांटा पाकटाला काही वर्षांतून एकच पिलू होते. त्याच्या कल्ल्यांना चीनच्या औषधी बाजारात किंमत आली तेव्हा तो मक्यासाठी मारला जातो की रोख पैशासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. होड्यांना बाहेरून बसवायची इंजिने लावून आणि नायलॉनची जाळी टाकून जे चालते त्याला परंपरेचे संरक्षण किती द्यायचे?

पश्चिमवारा :

रानवारा, मांटाविषयी आपण लिहिलेले मला पूर्णपणे मान्य आहे. इंडोनेशियाने २०१४ साली मांटाला देशभर संरक्षण दिले, ते योग्यच झाले. ज्या क्षणी माशाचा भाग डोंगराकडे न जाता दूरच्या व्यापाऱ्याकडे जाऊ लागतो, त्या क्षणी वर लिहिलेली वाट्यांची साखळी तुटते, आणि तिच्या आधारावर शिकारीचे समर्थन करता येत नाही.

स्पर्म देवमाशाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गावाला वर्षाकाठी मिळणाऱ्या माशांची संख्या फार खालीवर होते. चांगल्या वर्षी वीस-तीस, वाईट वर्षी दोन-चार. ही संख्या वाढत का गेली नाही, याचे उत्तर १९७३ साली मिळाले होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने एक नॉर्वेजियन तज्ज्ञ आणि यांत्रिक बोट पाठवून शिकार आधुनिक करण्याचा प्रयत्न केला. मासे मारणे सोपे झाले. पण एका वेळी इतके मांस हाती येऊ लागले की ते कापणे, वाळवणे आणि डोंगरात खपवणे गावाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि काही वर्षांत तो उपक्रम गुंडाळला गेला. डोंगर जेवढा मका देऊ शकतो तेवढेच मांस गावाच्या उपयोगाचे आहे. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नाही, तरी ती खरी आहे. याशिवाय गावाचे स्वतःचे निषेध आहेत : दात नसलेल्या मोठ्या देवमाशांना, म्हणजे निळ्या देवमाशासारख्यांना, ते भाला लावत नाहीत, कारण अशाच एका माशाने पूर्वजांना तारले अशी कथा आहे.

कायद्याच्या बाबतीत स्थिती सरळ नाही. इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा सदस्य नाही, त्यामुळे आयोगाची १९८६ पासूनची व्यापारी शिकारबंदी आणि आदिवासी समाजांसाठीची सवलत या दोन्ही गोष्टी येथे लागू होत नाहीत. २००९ साली मानादो येथल्या जागतिक महासागर परिषदेत सावू समुद्र राष्ट्रीय सागरी उद्यानाची घोषणा झाली, तेव्हा लामालेराच्या लोकांनी कडाडून विरोध केला आणि लेंबाटाचा किनारा त्या क्षेत्रातून वगळला गेला. त्या विरोधामागे उपजीविकेची भीती होतीच, पण आपल्याला न विचारता आपल्या समुद्राचे नियम ठरतात याचा संतापही होता. एक गोष्ट आपल्याला विशेष वाटेल. १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ हे पर्यावरण-नीतिशास्त्राचे अभ्यासक, आणि ते याच गावचे. ज्यांच्या व्याकरणाच्या आणि लेखनकलेच्या पाठ्यपुस्तकांवर इंडोनेशियातल्या कित्येक पिढ्या शिकल्या ते भाषातज्ज्ञ गोरिस केराफही लामालेराचेच. त्यांचा प्रबंध स्वतःच्या गावच्या बोलीवर होता. किनाऱ्यावरच्या या लहान गावाने शिक्षक, पाद्री आणि प्राध्यापक मोठ्या संख्येने दिले. म्हणून त्यांच्याशी बोलताना आपण अजाण लोकांना निसर्गाचे धडे देत आहोत अशी भूमिका कोणी घेऊ नये.

इंजिनाविषयी आपली शंका रास्त आहे. तिथे इंजिनाच्या होडीला जोनसोन म्हणतात. आता पुष्कळदा जोनसोन तेनाला ओढत माशापर्यंत नेते. इंजिन कोणत्या माशासाठी आणि किती अंतरापर्यंत चालेल यावर गावातच सभा होतात, वाद होतात, नियम होतात आणि मोडलेही जातात. जाळ्याने मासे पकडायला तीन-चार माणसे पुरतात, त्यामुळे वाटे कमी होतात. मला इंजिनापेक्षा या गोष्टीची चिंता अधिक वाटते.

हातमाग :

धाग्यात बायकांचे काम पेनेतांगपुरते आले आहे, म्हणून थोडी भर. लामालेराच्या बायका सूत बांधून रंगवण्याच्या इकत पद्धतीने केवातेक नावाचे नळीसारखे शिवलेले वस्त्र विणतात. त्यावर होड्या, पाकट आणि देवमासे असतात. लग्नात वराकडून हस्तिदंत येतो आणि वधूकडून असे वस्त्र जाते. या बेटांवर हत्ती कधीच नव्हते. सुळे जुन्या समुद्री व्यापारातून आले आणि घराण्यांत जपले गेले. उंची वस्त्रांवरच्या नक्षीचा मोठा भाग गुजरातच्या पाटोळ्यावरून घेतलेला आहे. पाटण परिसरातले ते दुहेरी इकतचे रेशमी कापड मसाल्यांच्या मोबदल्यात पूर्वेकडे जात असे, आणि लेंबाटात ते कुळाचे पवित्र धन म्हणून पेट्यांत ठेवले गेले. आपला पश्चिम किनारा आणि हे गाव यांचा संबंध असा कापडातून आहे. दुसरा संबंध गोव्यातून : सोलोर बेटावर १५६६ साली डोमिनिकन पाद्रींनी किल्ला उभारला तेव्हा तिथला सगळा पोर्तुगीज धर्मकारभार मलाक्कामार्गे गोव्याच्या आर्चबिशपच्या छत्राखाली होता. १६२४ च्या एका पोर्तुगीज लेखात या बेटांवरचे लोक भाल्याने देवमासे मारतात अशी नोंद आहे, म्हणजे ही शिकार युरोपीय व्हेलिंग जहाजांकडून शिकलेली नाही.

वाटसरू :

मी फक्त जाण्याविषयी लिहितो. तिमोर बेटावरच्या कुपांगहून लेवोलेबाला लहान विमान जाते, किंवा फ्लोरेसच्या पूर्व टोकावरच्या लारांतुकाहून बोट मिळते. लेवोलेबा हे १९९९ साली स्वतंत्र झालेल्या लेंबाटा जिल्ह्याचे मुख्य गाव. उत्तरेला इले लेवोतोलोक हा जागृत ज्वालामुखी आहे. २०२० च्या नोव्हेंबरअखेर त्याचा मोठा उद्रेक झाला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पावसाने त्याच्या उतारावरचे दगडगोटे आणि चिखल गावांवर आले, त्यात पुष्कळ माणसे दगावली. तिथून दक्षिणेकडे डोंगर ओलांडून जाणारा रस्ता पावसाळ्यात फार बिकट असतो. मे ते सप्टेंबर हा काळ बरा.

राहण्याची सोय गावातल्या घरांतूनच होते. समुद्रावर जायचे असल्यास होडीच्या भागीदारांची रीतसर परवानगी घ्यावी, नाळेकडे जाऊ नये, आणि सांगितले तिथेच बसून राहावे, कारण होडीत प्रत्येकाला काम असते आणि पाहुणा हा वल्ह्याविना बसलेला भार असतो. दिवसच्या दिवस काहीच दिसत नाही. बाजार पाहायचा असेल तर शनिवारी सकाळी लवकर वुलानदोनीला पोचावे. तिथे पैसे देऊन मका घेण्याचा आग्रह धरू नये; ज्या बाईला मांसच हवे आहे ती नोटेकडे पाहणारही नाही.

पश्चिमवारा :

वाटसरू, हातमाग आणि डोलकाठी, तिघांचेही आभार. डोंगरातल्या मका पिकवणाऱ्या गावांच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो, यावर मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही. लेंबाटाच्या डोंगराळ भागात कोणी काम केले असेल, विशेषतः शेतीच्या संदर्भात, तर त्यांनी येथे जरूर लिहावे. दुष्काळी वर्षी मका बुडाला की वुलानदोनीत मुंगाचा दर कसा बदलतो आणि तो बदल कोण ठरवते, हा प्रश्न मी या धाग्यावर उघडा ठेवतो.